ऑनलाइन कोर्समध्ये बाहेरची पानं, व्हिडिओ आणि फाइली कशा बसवाव्यात

कोर्स बनवणाऱ्याच्या स्क्रीनवर व्यवस्थित दिसणारी फाइल विद्यार्थ्याकडे मात्र कोरी चौकट होऊन येते. बहुतेक वेळा कारण एकच असतं: बनवणाऱ्याचं त्या सेवेत लॉगिन चालू असतं, विद्यार्थ्याचं नसतं. एम्बेड केलेली, म्हणजे बाहेरून आणून पानातच चौकटीत बसवलेली गोष्ट दिसते आपल्या पानावर, पण ती येते दुसऱ्याच्या सर्व्हरवरून आणि दुसऱ्याच्या परवानगीने. म्हणून कोड चिकटवण्याआधी तीन गोष्टी नक्की करून घ्याव्यात. ती साइट स्वतःला दुसऱ्याच्या पानावर दाखवू देते का? विद्यार्थ्याला ती फाइल लॉगिनशिवाय उघडता येते का? आणि उद्या मालकाने ती बदलली किंवा काढून टाकली, तर आपला धडा अडतो का?

एम्बेड, लिंक की अपलोड

विद्यार्थ्याने ती गोष्ट बघता बघता त्याच पानावर दुसरं काही करायचं असेल, तरच एम्बेड करा. तीन मिनिटांचा व्हिडिओ आणि त्याखाली प्रश्न, आकड्यांची शीट आणि बाजूला ती वाचायच्या सूचना, हलवता येणारा नकाशा आणि निरीक्षण नोंदवायची जागा अशा ठिकाणी एम्बेडचा उपयोग होतो. चाळीस पानी अहवाल, लांब लेख किंवा एखाद्या संस्थेचं अख्खं संकेतस्थळ यांना सरळ लिंक द्यावी आणि ती नव्या टॅबमध्ये उघडेल असं करावं. मोबाइलवर छोट्या चौकटीत मोठा मजकूर वाचणं फार त्रासाचं असतं. बाहेरचं पानही सरकतं, आतली चौकटही सरकते, आणि बोट कुठे टेकलं यावर नेमकं काय हलणार ते ठरतं.

तिसरा पर्याय म्हणजे फाइल थेट एलएमएसमध्ये, म्हणजे कोर्स ज्या प्रणालीवर चालतो तिच्यात, अपलोड करणं. फाइल स्वतःची असेल आणि वर्षभर बदलणार नसेल, तर हाच मार्ग सगळ्यात टिकाऊ. दुसऱ्याची फाइल मात्र परवाना बघितल्याशिवाय उतरवून अपलोड करू नका. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालचं साहित्य श्रेय देऊन वापरता येतं, पण 'नो-डेरिव्हेटिव्ह्ज' असेल तर त्यात फेरफार करून वाटता येत नाही, आणि 'नॉन-कमर्शियल' असेल तर शुल्क घेऊन चालवायच्या कोर्समध्ये ते घालण्याआधी थांबून विचार करावा लागतो.

साइट चौकटीत यायला नकार का देते

एम्बेडचा जवळजवळ प्रत्येक प्रकार शेवटी आयफ्रेम या एचटीएमएल टॅगवर येऊन थांबतो. आयफ्रेम म्हणजे आपल्या भिंतीत पाडलेली खिडकी. पलीकडे काय दिसावं यावर आपला ताबा नसतो. पलीकडची साइट ती बंदही ठेवू शकते, आणि बँका, ईमेल सेवा, लॉगिनची पानं, अनेक वृत्तपत्रं तशी ठेवतातच. हे आडमुठेपणाने होत नाही. दुसऱ्याच्या पानावर अदृश्य चौकट ठेवून वापरकर्त्याकडून नको ते बटण दाबून घेण्याची युक्ती, म्हणजे क्लिकजॅकिंग, रोखायची असते.

नकार सर्व्हरच्या उत्तरातल्या हेडरमधून, म्हणजे पानासोबत ब्राउझरला येणाऱ्या न दिसणाऱ्या सूचनांमधून, येतो. जुना हेडर 'एक्स-फ्रेम-ऑप्शन्स'. त्यात 'डिनाय' लिहिलेलं असेल तर ते पान कुणाच्याच चौकटीत येणार नाही. 'सेमओरिजिन' असेल तर फक्त त्याच साइटच्या पानांवर येईल. नवी पद्धत म्हणजे 'कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी' मधला 'फ्रेम-अँसेस्टर्स' हा निर्देश. यात कोणत्या डोमेनवर, म्हणजे साइटच्या नावावर, चालेल याची यादी देता येते, आणि दोन्ही हेडर असले तर आजचे ब्राउझर या निर्देशालाच मानतात.

तपासायला मिनिटही लागत नाही. कोर्सचं पान संगणकावर क्रोममध्ये उघडा, एफ१२ दाबा, 'कन्सोल' टॅबवर जा आणि पान पुन्हा लोड करा. लाल ओळीत वरच्या दोनपैकी एका हेडरचं नाव दिसलं की विषय संपला, आपल्या बाजूचा कोड बदलून काही होणार नाही. चौकटीत 'रिफ्यूज्ड टू कनेक्ट' असा संदेश आला तर तोही बहुधा याच कारणाने. अशा वेळी लिंक द्या. मधला प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ सर्व्हर, लावून हेडर काढून टाकायचे उपाय सुचवले जातात, ते करू नका; लॉगिन मोडतं, त्या साइटच्या अटी मोडल्या जाऊ शकतात आणि विद्यार्थ्यांची माहिती तिसऱ्याच सर्व्हरवरून जाते. नकार देणारी साइट आपल्याच संस्थेची असेल तर मात्र सोपं आहे: तिच्या तांत्रिक विभागाला एलएमएसचं डोमेन 'फ्रेम-अँसेस्टर्स'च्या यादीत घालायला सांगा.

नकार नसतानाही चौकट कोरी राहण्याचं आणखी एक कारण असतं. कोर्स 'एचटीटीपीएस'वर चालतो आणि एम्बेडचा पत्ता नुसत्या 'एचटीटीपी'ने सुरू होतो. ब्राउझर अशी असुरक्षित चौकट अडवतो. पत्त्यात 'एचटीटीपी'पुढे 'एस' हे एक अक्षर वाढवून बघा. साइटकडे सुरक्षित पत्ता असेल तर लगेच चालू होईल.

यूट्यूबचा व्हिडिओ

ब्राउझरच्या पट्टीतला 'वॉच' असलेला पत्ता आयफ्रेममध्ये चालत नाही. व्हिडिओखालच्या 'शेअर' मधून 'एम्बेड' निवडा आणि तिथला कोड घ्या. त्याच्या पत्त्यात 'एम्बेड' हा शब्द आणि पुढे व्हिडिओचा ११ अक्षरी आयडी असतो. त्याच खिडकीतले दोन चौकोन कामाचे आहेत. एकात व्हिडिओ कुठून सुरू व्हावा ती वेळ देता येते. दुसरा गोपनीयता वाढवणारा मोड. तो लावला की पत्ता यूट्यूबच्या 'नोकुकी' डोमेनवर जातो. शैक्षणिक कोर्ससाठी हा दुसरा चौकोन नेहमी लावावा.

पत्त्याच्या शेवटी काही सूचना हातानेही जोडता येतात. 'स्टार्ट' आणि 'एंड' सेकंदांत द्यायचे असतात, म्हणजे दीड मिनिटापासून दाखवायचं असेल तर ९०. लांब व्याख्यानातला नेमका तुकडा दाखवायला ही जोडी फार कामाची आहे. 'रेल' शून्य ठेवल्यावर शेवटी सुचवले जाणारे व्हिडिओ पूर्वी बंद व्हायचे. २०१८ पासून तसं होत नाही, सूचना येतातच, फक्त त्याच चॅनेलच्या येतात. 'सीसी लोड पॉलिसी' एक ठेवली की उपशीर्षकं आपोआप चालू होतात, अर्थात व्हिडिओला ती असतील तर.

व्हिडिओ आपला असेल तर 'अनलिस्टेड' ठेवा, तो एम्बेड होतो. 'प्रायव्हेट' ठेवलेला विद्यार्थ्याला दिसणार नाही. वयाचं बंधन असलेले व्हिडिओ बहुतेक बाहेरच्या साइटवर चालत नाहीत, आणि मालकाने एम्बेडची परवानगी बंद केली असेल तर 'वॉच ऑन यूट्यूब' एवढंच दिसतं. 'एरर १५३' आला तर गोष्ट वेगळी: आपलं पान यूट्यूबला स्वतःची ओळख, म्हणजे रेफरर, पाठवत नाहीये. सर्व्हरवर किंवा आयफ्रेमवर 'रेफरर-पॉलिसी' ही 'नो-रेफरर' असेल तर ती 'स्ट्रिक्ट-ओरिजिन-व्हेन-क्रॉस-ओरिजिन' करावी. कोर्सचं पॅकेज सर्व्हरवर न चढवता संगणकावरच्या फोल्डरमधून थेट उघडलं तरी हाच एरर येऊ शकतो, त्यामुळे तशा चाचणीवर विसंबू नका.

आवाजासह आपोआप सुरू होणारा व्हिडिओ ब्राउझर सहसा अडवतात. ते बरंच आहे. विद्यार्थ्याला स्वतः 'प्ले' दाबू द्या.

गूगल डॉक्स, शीट्स, स्लाइड्स, फॉर्म्स

इथे 'शेअर' आणि 'पब्लिश टू वेब' या दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. 'शेअर' मध्ये मूळ फाइल कोणाला उघडता येईल ते ठरतं. 'पब्लिश टू वेब' मध्ये त्या फाइलचं वाचण्यापुरतं एक वेगळं वेब पान तयार होतं, त्यावर संपादनाची पट्टी नसते, आणि ते कोणालाही लॉगिनशिवाय दिसतं. एम्बेडसाठी हे दुसरंच योग्य. 'फाइल' मेनूतून 'शेअर', मग 'पब्लिश टू वेब', मग 'एम्बेड' टॅब, 'पब्लिश' दाबा आणि कोड कॉपी करा. मूळ फाइलमध्ये केलेले बदल काही मिनिटांत तिथे आपोआप पोचतात. ते पोचू नयेत असं वाटत असेल, उदाहरणार्थ परीक्षा चालू असताना, तर त्याच खिडकीतली आपोआप पुन्हा प्रकाशित करण्याची खूण काढा.

शीट प्रकाशित करताना विशेष सांभाळा. सुरुवातीला सगळं वर्कबुक निवडलेलं असतं. दुसऱ्या शीटवर विद्यार्थ्यांची नावं किंवा गुण असतील तर तेही जगासमोर जातात. यादीतून नेमकी एकच शीट निवडा. त्याहून चांगलं म्हणजे प्रकाशनासाठी वेगळी फाइलच ठेवा.

ड्राइव्हवरची फाइल, म्हणजे पीडीएफ किंवा व्हिडिओ, बसवायची असेल तर लिंकच्या शेवटचा 'व्ह्यू' काढून तिथे 'प्रीव्ह्यू' लिहा आणि तो पत्ता आयफ्रेममध्ये द्या. शेअरिंग 'एनीवन विथ द लिंक' आणि भूमिका 'व्ह्यूअर' असली पाहिजे. संस्थेच्या खात्यात सुरुवातीचा पर्याय अनेकदा 'फक्त संस्थेतले' असा असतो. बाहेरच्या विद्यार्थ्याला मग लॉगिनचं पान दाखवायचा प्रयत्न होतो, आणि गूगलचं लॉगिनचं पान चौकटीत येत नाही. कोऱ्या चौकटीचं सगळ्यात नेहमीचं मूळ हे आहे.

प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःची प्रत हवी असेल, म्हणजे भरायचा तक्ता किंवा वर्कशीट, तर डॉक्सच्या पत्त्यातल्या 'एडिट'च्या जागी 'कॉपी' लिहा. उघडताच प्रत करायची का असं विचारलं जातं. ही लिंक म्हणूनच द्या; इथे लॉगिन लागतंच, म्हणून एम्बेड चालणार नाही. फॉर्म्सचंही तसंच. साधा फॉर्म खुशाल एम्बेड करा, पण फाइल अपलोडचा प्रश्न असलेला किंवा एकच प्रतिसाद घेणारा फॉर्म लॉगिन मागतो, त्याला लिंक द्या.

मायक्रोसॉफ्टच्या वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटच्या वेब आवृत्तीतही शेअरच्या मेनूत 'एम्बेड' असतं. फाइल संस्थेच्या खात्यावर असेल तर ज्यांना त्या फाइलची परवानगी आहे त्यांनाच चौकटीत काही दिसतं. नुसता कोड चिकटवून परवानगी मिळत नाही.

पीडीएफ

पीडीएफ सगळ्यात साधी वाटते आणि सगळ्यात जास्त अडते ती हीच. संगणकावरच्या क्रोम, एज, फायरफॉक्समध्ये पीडीएफ दाखवणारा भाग आतच असतो, म्हणून फाइलचा पत्ता आयफ्रेममध्ये दिला की ती दिसते. अँड्रॉइडवरचं क्रोम आयफ्रेममधली पीडीएफ तशी दाखवत नाही, चौकटीत फक्त उघडण्याचं बटण येतं. आयफोनवर अनेकदा पहिलंच पान दिसतं आणि पुढे सरकता येत नाही. संगणकावर बघून खूश झालेल्या लेखकाला हे कळतच नाही.

उपाय दोन आहेत. एक, मोझिलाचं मुक्त स्रोत पीडीएफ डॉट जेएस वापरा. ते जावास्क्रिप्टने पानं रेखाटतं, त्यामुळे फोनमध्ये पीडीएफ दाखवण्याची सोय आहे की नाही याने फरक पडत नाही. मात्र त्याची दर्शक फाइल आणि आपली पीडीएफ एकाच डोमेनवर ठेवा, नाहीतर फाइल वाचायला ब्राउझर अडवेल. दोन, ड्राइव्हचा वर सांगितलेला 'प्रीव्ह्यू' पत्ता. कुठलाही मार्ग घ्या, पण चौकटीखाली 'फाइल उतरवा' अशी लिंक आणि तिच्यात फाइलचा आकार लिहायला चुकू नका. मोबाइल डेटावर असलेल्या विद्यार्थ्याला ६० एमबीची फाइल येतेय हे आधी कळायला हवं.

फाइल चौकटीत उघडायच्या ऐवजी थेट डाउनलोड होत असेल तर एफ१२ च्या 'नेटवर्क' टॅबमध्ये तिचे हेडर बघा. 'कंटेंट-डिस्पोझिशन' पुढे 'अटॅचमेंट' असेल तर ब्राउझर ती उतरवणारच; तिथे 'इनलाइन' हवं. 'कंटेंट-टाइप' पुढे 'ऑक्टेट-स्ट्रीम' असेल तर सर्व्हरला ही पीडीएफ आहे हेच माहीत नाही. दोन्ही दुरुस्त्या सर्व्हरवर होतात.

नेमक्या पानावर नेण्यासाठी पत्त्याच्या शेवटी हॅश, 'पेज' हा शब्द, बरोबरचं चिन्ह आणि पानाचा आकडा जोडा. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि पीडीएफ डॉट जेएस तो पाळतात. हा आकडा फाइलमधल्या क्रमाचा द्या. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका धरल्या की छापील २० वं पान फाइलमध्ये २४ वं निघू शकतं.

स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसते फोटो. स्क्रीन रीडर ती वाचू शकत नाही आणि शोधही लागत नाही. ती ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून खऱ्या मजकुरात बदलून, मगच द्या. फाइलच्या नावात मोकळी जागा ठेवू नका आणि अक्षरं सगळी स्मॉल ठेवा, कारण लिनक्स सर्व्हरला कॅपिटल आणि स्मॉल वेगळे वाटतात. संगणकावर चाललेली लिंक सर्व्हरवर '४०४' देते ती बऱ्याचदा यामुळे.

एलएमएसमध्ये टाकताना

मूडल या एलएमएसमध्ये 'यूआरएल' हा रिसोर्स घेतला की 'अपिअरन्स' खाली 'डिस्प्ले' येतं. 'ऑटोमॅटिक' वर सोडू नका. चौकटीत हवं असेल तर 'एम्बेड', साइट नकार देत असेल तर 'इन पॉप-अप' किंवा 'ओपन' असं स्वतः निवडा. आजूबाजूला सूचना लिहायच्या असतील तर 'यूआरएल' ऐवजी 'पेज' घ्या, एडिटरमध्ये सोर्स कोडचं दृश्य उघडा आणि तिथे आयफ्रेम चिकटवा. नेहमीच्या दृश्यात चिकटवलं तर कोड अक्षरश: मजकूर म्हणून छापला जातो. सेव्ह केल्यावर आयफ्रेम गायब झाला तर सिस्टिमने तो सुरक्षेसाठी काढून टाकला आहे; विद्यार्थ्यांच्या फोरमवरच्या पोस्टमधून तो असाच काढला जातो, आणि ते योग्यच आहे.

कॅनव्हास या दुसऱ्या एलएमएसमध्ये रिच कंटेंट एडिटरच्या 'इन्सर्ट' मेनूत 'एम्बेड' आहे. मॉड्यूलमध्ये नुसता पत्ता जोडत असाल तर 'एक्स्टर्नल यूआरएल' घ्या आणि शंका असेल तिथे 'लोड इन अ न्यू टॅब' वर खूण करा. स्टोरीलाइन या कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये याच कामासाठी 'वेब ऑब्जेक्ट' असतं. ते स्लाइडवरच्या बाकी गोष्टींच्या नेहमी वर बसतं, म्हणून त्यावर बटण किंवा बाण ठेवायचा बेत करू नका. फोल्डर जोडत असाल तर त्यात 'इंडेक्स' नावाची एचटीएमएल फाइल लागते. तपासणी मात्र प्रकाशित करून, एलएमएसवर चढवूनच करा.

लॉगिन लागणारी साधनं

सफारी २०२० पासून दुसऱ्या साइटच्या चौकटीतल्या कुकी, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवण्यासाठी साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या नोंदी, सरसकट अडवतं. फायरफॉक्स त्या प्रत्येक साइटपुरत्या वेगळ्या कोंडून ठेवतं. क्रोमने त्या बंद करायचा बेत सोडला असला तरी इनकॉग्निटोमध्ये त्या अडवल्या जातात. परिणाम असा की विद्यार्थ्याने दुसऱ्या टॅबमध्ये लॉगिन केलं तरी चौकटीतल्या साधनाला ते कळत नाही, आणि तो 'लॉगिन करा'च्या फेऱ्यात अडकतो. साधन आपण बनवत असू तर कुकीवर 'सेमसाइट' हे 'नन' आणि सोबत 'सिक्युअर' लागतं. तरीही सफारीचा प्रश्न उरतो. विकतचं साधन असेल तर त्याला एलटीआय १.३, म्हणजे बाहेरचं साधन एलएमएसला जोडायचं प्रमाण, आहे का ते विचारा. एलटीआयने विद्यार्थ्याची ओळख एलएमएसकडूनच जाते आणि गुण परत आणायचीही सोय असते. एवढं सगळं नको असेल तर नवी टॅब.

हीच बाब पूर्णतेच्या नोंदीची. पान उघडलं की मूडलची 'व्ह्यू' अट पूर्ण होते. चौकटीतला व्हिडिओ बघितला की नाही याचा तिला पत्ता नसतो. बघितल्याची नोंद खरंच हवी असेल तर व्हिडिओ एच५पी या संवादी साहित्य बनवायच्या साधनाच्या 'इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ' मध्ये घालून मध्ये मध्ये प्रश्न ठेवा.

आकार

कॉपी केलेल्या कोडमध्ये रुंदी बहुधा ५६० किंवा ६४० पिक्सेल अशी ठाम लिहिलेली असते आणि फोनवर चौकट पानाबाहेर जाते. रुंदी १०० टक्के करा, आणि सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये, 'अॅस्पेक्ट-रेशो' १६ भागिले ९ द्या. तो चालत नसलेल्या जुन्या एडिटरमध्ये बाहेरच्या डिव्हला, म्हणजे चौकटीला वेढणाऱ्या एचटीएमएल टॅगला, ५६.२५ टक्के वरचं पॅडिंग देऊन आतली चौकट त्यावर पसरवायची जुनी पद्धत आहे. कागदपत्रांना हे गुणोत्तर लावू नका, ए४ पान उभं असतं. त्यांना स्क्रीनच्या उंचीच्या ८० टक्के उंची बरी पडते. पूर्ण १०० दिली तर फोनवर चौकटीबाहेर बोट टेकवायला जागा उरत नाही आणि विद्यार्थी पानात अडकतो. आतल्या मजकुराप्रमाणे चौकट आपोआप लांब होणं दोन वेगळ्या डोमेनमध्ये शक्य नसतं, आतल्या पानानेच उंची कळवावी लागते. एच५पी आपल्या कोडसोबत त्यासाठीची रिसायझर स्क्रिप्ट देतं. ती ओळ गाळू नका.

प्रत्येक आयफ्रेमला 'टायटल' द्या, आणि ते 'व्हिडिओ' असं नको, 'पंपाचा वॉल्व्ह बदलणे, ४ मिनिटे' असं हवं. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला चौकटीत शिरायचं की नाही ते यावरूनच ठरवता येतं. टॅब की दाबत चौकटीत जाऊन बाहेर येता येतं का तेही एकदा बघा. एका पानावर अनेक चौकटी असतील तर 'लोडिंग' ला 'लेझी' द्या, म्हणजे त्या जवळ आल्यावरच लोड होतील. मायक्रोफोन किंवा कॅमेरा वापरणाऱ्या साधनाला 'अलाउ' मध्ये त्यांची नावं लिहावी लागतात, नाहीतर परवानगीचा प्रश्नसुद्धा विचारला जात नाही.

प्रकाशित करण्याआधी आणि नंतर

लेखकाच्या खात्यातून केलेली तपासणी कुचकामी. इनकॉग्निटो विंडोत विद्यार्थ्याच्या चाचणी खात्याने शिरा, आणि गूगल किंवा मायक्रोसॉफ्टमध्ये लॉगिन करू नका. मग तेच एका अँड्रॉइडवर आणि एका आयफोनवर, वायफाय बंद करून. संस्थेच्या नेटवर्कवर यूट्यूब अडवलेलं असतं अशा ठिकाणी कोर्स चालणार असेल तर त्याच नेटवर्कवरून एकदा बघायला सांगा.

एम्बेडची एक शीट ठेवा: धडा, पत्ता, मालक कोण, शेवटचं कधी तपासलं, आणि ते गेलं तर त्याजागी काय. महत्त्वाच्या सार्वजनिक पानाची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर 'सेव्ह पेज नाऊ'ने जतन करून तो पत्ता शेवटच्या रकान्यात टाका. फाइल एखाद्या सहकाऱ्याच्या खात्यावर असेल तर तो संस्था सोडण्याआधी तिची मालकी सामायिक खात्याकडे घ्या. खातं बंद झालं की त्यावरच्या चौकटीही कोऱ्या होतात. आणि प्रत्येक नवी तुकडी सुरू होण्याच्या आठवडाभर आधी ती शीट उघडून एकेक पत्ता पुन्हा तपासा.